दाह आणि चयापचयावरील शोधनिबंध कसा वाचावा
सारांशावर न थांबता, प्रयोग कोणावर झाला ते आधी पाहावे. 1993 मध्ये लठ्ठ उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेदऊतीत टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे प्रथिन वाढलेले आढळले आणि ते निष्प्रभ केल्यावर इन्सुलिनचा परिणाम सुधारला. मधुमेही माणसांत मात्र तसा स्पष्ट लाभ दिसला नाही.

मग आकडेमोडीकडे वळावे, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. सिस्टिम्स बायॉलॉजीत, म्हणजे शरीरातील अनेक घटकांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या शाखेत, हजारो जनुकांची सक्रियता एकाच वेळी मोजली जाते. 20,000 चाचण्यांना 0.05 ही मर्यादा (म्हणजे फरक नसतानाही तो योगायोगाने दिसण्याची 5 टक्के शक्यता चालवून घेणे) लावली, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही सुमारे 1,000 जनुके निव्वळ योगायोगाने ‘महत्त्वाची’ ठरतात. म्हणून बहुचाचणींसाठी दुरुस्ती (अनेक चाचण्या असल्याने मर्यादा अधिक कडक करणे) केली आहे का, हे पद्धतींच्या भागात शोधावेच.

रेणूंमधील संबंध दाखवणाऱ्या जाळ्याच्या आकृतीत दोन रेणूंना जोडणारी रेषा बहुधा सहसंबंध, म्हणजे ते एकत्र बदलतात एवढेच, दाखवते. कार्यकारणभाव ठरवण्यासाठी त्यांपैकी एक रेणू रोखून दुसरा बदलतो का, हे तपासलेले असावे.