तिन्हीसांजेचे आकाश कसे पाहावे: सूर्य बुडाला की पूर्वेकडे वळा

सूर्य बुडाला की लोक कपडे झटकून उठतात. तेव्हा उठू नका, एवढीच माझी कळकळीची विनंती. संधिप्रकाशाचे रंग त्यानंतरच उमलतात आणि वेळ थोडा असतो. आपल्या अक्षांशावर सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो, त्यामुळे तो क्षितिजाखाली 6 अंश जाईपर्यंत 22 ते 25 मिनिटेच मिळतात.

संध्याकाळ निवडायची ती पावसाने हवा धुऊन काढल्यानंतरची, भाद्रपद-आश्विनातल्या उघडिपीची. धुळीने सूर्यास्त रंगतो असे म्हणतात, पण जमिनीलगतची धूळ आणि धूर रंग मळकट करतात. जागा मात्र दोन्ही क्षितिजे दिसतील अशी हवी: टेकडी, पठार किंवा उंच गच्ची.

सूर्य टेकेपर्यंत पश्चिमेकडे पाहा, पण थेट सूर्यावर नजर रोखू नका. या वेळी किरणांना माध्यान्हीच्या तुलनेत सुमारे 38 पट हवा ओलांडावी लागते. हवेचे रेणू निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या जवळजवळ सहापट विखुरतात. एवढ्या वाटेत निळा गळून जातो आणि आपल्यापर्यंत केशरी-तांबडा पोचतो.

सूर्य दिसेनासा झाला की लगेच पूर्वेकडे तोंड करा. क्षितिजाला लागून पाटीच्या रंगाचा एक पट्टा दिसेल. बहुतेकांना ते धुके वाटते. ती आपल्या पृथ्वीची सावली आहे, वातावरणावर पडलेली! तिच्यावर गुलाबी पट्टा असतो. पश्चिमेकडून आलेला तांबूस प्रकाश पूर्वेच्या हवेवरून आपल्याकडे परततो, त्याचा हा रंग. हात लांब करून मूठ धरा, ती साधारण 10 अंश भरते. एखाद्या झाडाचा शेंडा खूण म्हणून धरा आणि दर दोन मिनिटांनी सावली किती चढली ते मोजा. पृथ्वी फिरते आहे हे इतके उघड क्वचितच दिसते. दहा-पंधरा मिनिटांत गुलाबी विरतो आणि सावली रात्रीत मिसळते.

मग मान वर करा. डोक्यावरचा गडद निळा दुपारच्या निळ्यासारखा नसतो. विखुरण्याने हा रंग पुरता उलगडत नाही. उंचावरचा ओझोन पिवळा-नारिंगी प्रकाश शोषतो, म्हणून हा निळा टिकतो. 1953 साली अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड हल्बर्ट यांनी हे दाखवून दिले.

शेवटी पुन्हा पश्चिम. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी एखाद्या दिवशी तिथे जांभळट झाक चढते. 1883 मध्ये क्राकाटोआ आणि 1991 मध्ये पिनाटुबो या ज्वालामुखींच्या उद्रेकांनंतर उंचावर पसरलेल्या सूक्ष्म कणांनी जगभरच्या संध्याकाळी अशा रंगवल्या होत्या.

पूर्ण अंधाराला सूर्य 18 अंश खाली जावा लागतो, म्हणजे साधारण सव्वा तास. तोवर थांबणार असाल तर विजेरी आणि मोबाइल बंद ठेवा. पश्चिमेचा शेवटचा फिकट उजेड अंधाराला सरावलेल्या डोळ्यांनाच दिसतो.