शाळेच्या ग्राउंडवर खऱ्या मापाचा पॅरासेराथेरियम कसा काढायचा

पॅरासेराथेरियम म्हणजे कधीच नामशेष झालेला, जमिनीवर चाललेल्या सगळ्यात मोठ्या सस्तन प्राण्यांपैकी एक, असं पोरांना कितीदा पण वाचून दाखवा, पुस्तकातलं चित्र दोन बोटांएवढं असतंय त्यामुळं डोक्यात काय शिरत नाही. आम्ही परभणीकडच्या आमच्या झेडपी शाळेत कबड्डीच्या ग्राउंडवर फक्कीनं काढला, तुम्हाला जमेल.

सामान म्हणजे एक टेप, चार खुंट्या, लांब सुतळी, पाण्याचा झारा आणि फक्की, फक्की जरा जास्तच आणा. आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवा अन् सकाळी सातलाच सुरू करा, कारण दहानंतर वारं सुटतं, आमची पहिली शेपूट अशीच शेजारच्या कापसात गेली.

आधी जमिनीची सरळ रेघ मारा. तिच्यावर खांद्याची उंची टाकायची, ४.८ मीटर, म्हणजे एसटीच्या टपावर माणूस उभा राहिला तर त्याच्या डोक्याएवढी. ही रेघ तिरपी गेली की जनावर लंगडं दिसतंय, म्हणून १२ मीटर सुतळीला ३, ४ आणि ५ मीटरचे तुकडे पडतील अशा गाठी मारून त्रिकोण ताणा, काटकोन बरोबर पडतो (गणिताचा तासही यातच उरकतो!). नाकापासून ढुंगणापर्यंत ७.४ मीटर धरा. त्यात डोकं १.३, मान दोन-सव्वादोन, ते वजा केलं की धडाला चारेक मीटर उरतात. पूर्ण सांगाडा कुणालाच सापडलेला नाही, मापं अंदाजाचीच, त्यामुळं इंचासाठी भांडू नका.

आता खरी गंमत. गेंड्याच्या भाऊबंदातला म्हटल्यावर आमच्या पोरांनी आधी शिंगच काढलं, मी पण बघत बसलो, मग पायानं पुसलं. याला शिंग नव्हतं. १९११ ला फॉर्स्टर कूपर या इंग्रज जीवाश्म अभ्यासकानं ठेवलेल्या नावाचाच अर्थ बिनशिंगी जनावराच्या जवळचा असा होतो. शिंगाच्या जागी वरचा ओठ लांब अन् लवचिक काढा, झाडाचा पाला ओढून खायला, आणि तोंडात पुढं सुळ्यासारखे दात, वरचे खाली वळलेले. पाय लांब, खांबासारखे, पण हत्तीचे नकोत, प्रत्येक पायाला तीन बोटं, मधलं मोठं. वजन लिहायचं तर बाजूला १५ ते २० टन लिहा, उसाचा भरलेला ट्रक सगळ्यांनी बघितलेला असतोय.

पोरं विचारणारच, सर आपल्या विहिरीत याची हाडं निघतील का. नाही म्हणून सांगा. आपला काळा खडक ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, अन् हा गडी त्याच्यानंतर तीनेक कोटी वर्षांनी आला, साधारण २.३ कोटी वर्षांपूर्वी संपला. हाडं निघाली ती बलुचिस्तानात डेरा बुगटीला, तशीच चीन, मंगोलिया, कझाकस्तानकडं.

शेवटी पायाजवळ एक पोरगं आडवं झोपवा, त्याची पण आउटलाइन मारा. फोटो मात्र शाळेच्या स्लॅबवरून घ्या, खालून मोबाईलमध्ये नुसता एक पाय येतोय.