गाडी लावण्याआधी: केळीच्या ट्रान्सपोर्टमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, सावदा, फैजपूर, यावल या केळीच्या पट्ट्यात बारावी किंवा पदवी झालेल्या मुलांना केळी व्यापाऱ्याच्या किंवा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम सहज मिळतं. कामाचं नाव काहीही असो, करायचं एकच: मालाला गाडी लावायची, म्हणजे माल न्यायला ट्रक ठरवून पाठवायचा. भाडं ठरवणं महिन्याभरात जमतं. गाडीचे आणि ट्रान्सपोर्टचे कागद तपासणं मात्र कोणी बसवून शिकवत नाही, आणि माझ्या मते या नोकरीतलं खरं काम तेच आहे.

सगळ्यात आधी वेळेचं. तपासणी गाडी बागेकडे निघण्याआधी व्हायला हवी. केळी कापली की ती थांबत नाही. घड बांधावर आले, मजूर उभे आहेत, शेतकरी घाई करतोय, आणि अशा वेळी तुम्हाला दिसलं की पासिंग (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा फिटनेसचा दाखला) संपलंय, तर ती गाडी परत पाठवायची कोणाची हिंमत होत नाही. म्हणून गाडीमालकाशी फोनवर भाडं ठरलं की पहिला प्रश्न गाडी नंबरचा. नंबर मिळाला की मोबाइलवर एमपरिवहन अ‍ॅप उघडायचं, नाहीतर परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर बघायचं.

तिथे फिटनेस, विमा, पीयूसी, टॅक्स आणि परमिट यांच्या तारखा दिसतात. गाडी ब्लॅकलिस्टमध्ये असेल तर तेही कळतं. फिटनेसचा नियम लक्षात ठेवा: मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, त्यानंतर दरवर्षी. तारीख आजची बघू नका. गाडी दिल्लीच्या आझादपूर मंडीत माल उतरवून परत येईपर्यंत चालेल अशी हवी. विमा परवा संपतोय आणि गाडी आज निघतेय, तर मधल्या रस्त्यात ती विम्याविना धावणार.

ड्रायव्हर हमखास म्हणतो, "भाऊ, पासिंग परवाच झालं, ऑनलाइन चढायचं बाकी आहे." असेलही तसं. मग फिटनेसचा दाखला दाखवा म्हणायचं, त्यावरचा चेसिस नंबर बघायचा, आणि तो गाडीवर जाऊन जुळवायचा. हा नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. बहुतेक ट्रकला तो पुढच्या चाकाजवळ चेसिसच्या पट्टीवर ठोकलेला असतो. त्यावर चिखल आणि ग्रीसचा थर बसलेला असतो, म्हणून डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं फिरवायचं आणि टॉर्च तिरपा धरायचा. समोरून उजेड टाकला तर अंक लागत नाहीत, तिरप्या उजेडात खाचा उठून दिसतात. आरसी बुकाशी सगळे सतरा जुळले पाहिजेत. नंबर प्लेट पाच मिनिटांत बदलता येते, हा नंबर बदलणं तितकं सोपं नाही. एखादा अंक घासल्यासारखा किंवा शेजारच्या अंकापेक्षा वेगळ्या वळणाचा वाटला, तर ती गाडी लावू नका.

बुकातच दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरल्या गाडीचं. दहा चाकी ट्रकचं भरलेलं वजन वजनमर्यादेत 2018 ला झालेल्या वाढीनंतर 28,500 किलोपर्यंत गेलं. समजा रिकामं 9,800 आहे, तर 18,700 किलो माल बसला, आणि पाला, खोकी, ताडपत्री त्यातच आली. जास्त भरलं तर दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. कायदा फक्त ड्रायव्हरला धरत नाही, गाडी तशी चालवायला लावणाऱ्यालाही धरतो. म्हणजे फोनवर "अजून टनभर टाक" म्हणणारा त्यात येतो.

ओव्हरलोड आणि थकलेले ब्रेक एकत्र आले की काय होतं ते आपल्या भागाला सांगायला नको. 4 जुलै 2023 ला शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला ट्रक हायवेलगतच्या हॉटेलात घुसला, दहा माणसं गेली. त्याआधी फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि त्यावर बसलेले किमान 15 जण गेले, बहुतेक मजूर. म्हणून मजुरांना मालावर बसवून पाठवायला माझा ठाम विरोध आहे, कितीही उशीर झाला तरी. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसांची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2003 सालीच सांगितलं आहे. त्यांच्यासाठी वेगळी प्रवासी गाडी करा.

ड्रायव्हरचं लायसन्स परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर नंबर आणि जन्मतारीख टाकून बघता येतं. ते जड वाहनाचं आहे ना, मुदत आहे ना, एवढं बघितलं की झालं.

आता ट्रान्सपोर्टचं. बोर्ड एकाचा, गाडी दुसऱ्याची आणि मधे दलाल तिसरा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. 2007 चा रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा 1 मार्च 2011 पासून लागू आहे. इतरांचा माल गोळा करून नेणाऱ्या ट्रान्सपोर्टला परिवहन खात्याकडे नोंदणी करावी लागते, ती दहा वर्षांसाठी असते आणि तिचा नंबर बिल्टीवर (ट्रान्सपोर्टने दिलेल्या मालाच्या पावतीवर) लागतो. बिल्टी हातात आली की आधी तो नंबर शोधा. जीएसटी नंबर असेल तर पोर्टलवर टाकून नाव जुळवा. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27.

भरपाईचं कलम तर मी प्रत्येक नव्या मुलाला वाचायला लावतो. मालाची किंमत लिहून दिली नसेल, तर ट्रान्सपोर्टची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. जवळचं भाडं 8,000 असलं की हिशोब 80,000 वर थांबतो, गाडीत माल चार लाखांचा असला तरी. किंमत जाहीर केली तर भाडं थोडं वाढतं, तेवढं द्यावं. नुकसान झालं तर बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर दावा लावता येत नाही.

अमेरिकेत हे काम कंपनीच्या नावाने होतं. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या साइटवर कंपनीचा नंबर टाकला की मागच्या 24 महिन्यांतल्या तपासण्या आणि अपघात कोणालाही दिसतात. आपल्याकडे असं उघड रेकॉर्ड गाडीचं बघायला मिळतं, ट्रान्सपोर्टच्या अपघातांचं नाही. ती उणीव ऑफिसच्या वहीने भरून काढायची. गाडी नंबर, मालकाचा आणि ड्रायव्हरचा फोन, सगळ्या मुदतीच्या तारखा, वजनकाट्याची पावती, माल किती वाजता पोचला, किती घड काळे पडले, रस्त्यात ड्रायव्हरने फोन उचलला की नाही, हे सगळं त्यात लिहा. नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशीच ही वही मागा, आणि ऑफिसात नसेल तर शंभर पानी आणून त्याच दिवशी लागलेल्या गाडीपासून सुरू करा.