‘एक गाव, एक पुस्तक’ करताय? मग या चुका तेवढ्या टाळा

सप्टेंबर उजाडला की आमच्या तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन येतोच. “अण्णा, यंदा वाचन प्रेरणा दिनाला सगळ्या गावानं एकच पुस्तक वाचायचं ठरवलंय. या की मार्गदर्शनाला.” मी विचारतो, “प्रती किती आहेत?” पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, “फ्लेक्स टाकलाय छापायला.”

कल्पना चांगलीच आहे. अमेरिकेत सिॲटलच्या सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल यांनी १९९८ मध्ये ती राबवली, २००१ मध्ये शिकागोनं उचलली आणि पुढे ती बरीच पसरली. पण आपल्या गावांना ती नवी कुठे आहे? सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं तेव्हा गाव एकच ग्रंथ वाचत असतं. नऊ हजारांवर ओव्या, सात दिवसांत. आणि तिथं पारायणाला बसणाऱ्या प्रत्येकासमोर स्वतःचा ग्रंथ असतो. एका पोथीवर ४० जण कुणी बसवत नाही. वाचनालयात मात्र आपण नेमकं तेच करतो.

प्रतींचा हिशेब न करणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षी आम्ही एसटी स्टँडसमोर भलामोठा फ्लेक्स लावला, शाळेची प्रभातफेरी काढली, पत्रकं वाटली. पुस्तकाच्या प्रती सात. त्यातल्या दोन आधीच सभासदांकडे, आणि एक माजी अध्यक्षांच्या सूनबाईंबरोबर पुण्याला गेलेली. राहिल्या चार. आता बघा, दिवसभर राबून आलेला माणूस जेवणानंतर १०-१२ पानं वाचतो. दीडशे पानांच्या पुस्तकाला त्याचे १३ दिवस जातात, परत आणून द्यायला आणखी एखादा. म्हणजे उपक्रमाच्या सहा आठवड्यांत एक प्रत तीन हातांतून फिरते. चार त्रिक बारा. गावाची वस्ती साडेचार हजार, आणि फ्लेक्सवर काय, तर ‘सारे गाव वाचते आहे’.

लोक येऊन हात हलवत परत जायला लागले. तेव्हा आमच्या एका नव्या कार्यकर्त्यानं, पोरगं गुणी पण घाई फार, एका रात्रीत मोबाईलवर सगळी पानं स्कॅन केली आणि पीडीएफ गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडली. ग्रुपमध्ये १९० जण. सकाळी अंगठ्यांचा पाऊस. मलाही वाटलं, सुटला प्रश्न.

पाचव्या दिवशी प्रकाशकांचा फोन आला. ते आवाज न चढवता बोलले, त्यामुळे जास्तच लाज वाटली. लेखक हयात होते. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरसुद्धा ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त झालं. हयात लेखकाचं पुस्तक असं वाटायचं म्हणजे दुकानातून पोतं उचलून आणून धान्य वाटण्यासारखं. फाईल काढली, माफीचं पत्र दिलं, प्रकरण मिटलं. समारोपाला मी विचारलं, पीडीएफ शेवटपर्यंत कुणी वाचली? दोन हात वर आले. त्यातला एक त्या पोराचाच.

तेव्हापासून ४० प्रती कपाटात आल्याशिवाय मी तारीख लावू देत नाही. फार पैसे लागतात असंही नाही. १६० रुपयांचं पुस्तक थेट प्रकाशकाकडून एकदम ४० प्रती म्हणून मागितलं, पंचवीस टक्के सवलत मिळाली, ४,८०० रुपयांत काम झालं. फ्लेक्स, मांडव आणि शाली यांचा खर्च याहून जास्त होतो, तो करताना कुणी कुरकुरत नाही. अनुदानातून बघू, असं म्हणू नका. अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि येईल तेव्हा येतं. मी प्रत्येक प्रतीला एक देणगीदार धरतो आणि आतल्या पानावर त्याचं नाव लिहितो. पाच प्रती दाखल नोंदवहीत, म्हणजे वाचनालयाच्या स्वतःच्या पुस्तकांच्या वहीत चढवतो, बाकीच्या ३५ वेगळ्या वहीत. त्यांच्या पाठीवर लाल चिकटपट्टी. उपक्रम संपला की त्या पेटीत भरून पुढच्या गावाला.

मुहूर्त

वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला, कलामांच्या जन्मदिवशी असतो, मान्य. पण आमच्याकडे तेव्हा सोयाबीन काढणी चालू असते. मळणी यंत्राच्या धुरळ्यात कोण वाचणार? मी समारोप २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला ठेवतो आणि मकर संक्रांत झाली की पुस्तकं वाटायला घेतो. बारावीची परीक्षा आडवी येते अशी तक्रार होते. बारावीची पोरं एरवी तरी कुठे येतात?

पुस्तक

दोनशे पानांच्या आत. बाजारात मिळणारं. अध्यक्षांच्या मेहुण्याचा कवितासंग्रह नको. टाइप मोठा हवा. मी दुकानात पुस्तक उघडून हात लांब करून धरतो. तसं वाचता आलं तर घेतो, नाहीतर परत ठेवतो, आत कितीही थोर मजकूर असो. आपले निम्मे वाचक साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांचे चष्मे जुन्या नंबरचे आहेत.

वाचनालयाची वेळ

अकरा ते पाच उघडं ठेवून गाव वाचत नाही म्हणायचं, हे बंद करा. सहा आठवडे संध्याकाळी सात ते नऊ बसा.

बायका येत नाहीत, ही तक्रार

येत नाहीत कारण वाचनालयाच्या ओट्यावर पेपर वाचत बसलेली १०-१२ पुरुषमंडळी ओलांडून आत जावं लागतं. हे मला आमच्या ग्रंथपाल ताईंनी सांगितलं, तेही मी विचारल्यावर. आता १५ प्रती थेट बचत गटांच्या मासिक बैठकीत जातात. हप्ते गोळा झाले की ताई एक प्रकरण मोठ्यानं वाचतात. ज्यांना वाचता येत नाही त्याही ऐकतात. आणि पुढं काय झालं ते कळावं म्हणून घरी नातवंडाला वाचायला बसवतात.

समारोपाचं भाषण करून टाकणं

याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

शेजारच्या गावात मला पाहुणा म्हणून नेलं होतं. वेळ अकराची, सुरुवात सव्वाबाराला. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत. व्यासपीठावर नऊ जण, नऊ शाली, नऊ नारळ. प्रास्ताविकात वाचनालयाचा इतिहास, स्थापनेपासून. मग प्रमुख पाहुणे उठले आणि मोबाईलमुळे वाचनसंस्कृती कशी बुडाली यावर ५० मिनिटं बोलले. पुस्तकाचं नाव दोनदा घेतलं, एकदा चुकीचं.

माझं लक्ष तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे होतं. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मांडीवर पुस्तक, त्यात खुणेसाठी जुन्या तिकिटांचे तुकडे घातलेले, आठ-दहा तरी असतील. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. दोनला शेतावरची लाईट यायची होती. पावणेदोनला त्यांनी घड्याळ पाहिलं, पुस्तक पिशवीत घातलं, चपला शोधल्या आणि गेले. दोन वाजून दहा मिनिटांनी सूत्रसंचालक म्हणाले, “आता वाचकांनी मनोगत व्यक्त करावं, वेळेअभावी दोघांनीच.”

सबंध मांडवात ते पुस्तक त्यांच्याइतकं कुणी वाचलं नसेल.

माझ्याकडे आता व्यासपीठच नसतं. सतरंजी, गोल, जास्तीत जास्त १५ माणसं. माणसं जास्त झाली की दुसरा गोल, दुसऱ्या आळीत, दुसऱ्या दिवशी. माईक नाही, कारण माईक हातात आला की चांगला माणूस भाषण करायला लागतो. ‘लेखकाला काय सांगायचं आहे?’ हा प्रश्न शाळेसाठी राखून ठेवा. मी विचारतो, कुठल्या पानावर पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं? यावर सगळे बोलतात, न वाचलेलेही बोलतात, कारण त्यांनी पाचव्या पानावरच मिटलेलं असतं. मान्यवरांना बोलवायचंच असेल तर समारोपाला नको, पुस्तकवाटपाच्या दिवशी बोलवा. पहिली प्रत त्यांनाच द्या, सही घ्या आणि १४ दिवसांनी परत मागायला माणूस पाठवा.

लेखकालाच आणायचं म्हणता? आणा, पण गोल झाल्यावर. लेखक समोर बसले की गाव कौतुकाशिवाय दुसरं बोलत नाही.

प्रती परत येत नाहीत म्हणून घाबरणं

गेल्या वेळी ४० पैकी ३६ आल्या. अनामत ठेवू या, दंड लावू या, असं मंडळात निघालं होतं, मी नको म्हटलं. अनामत मागितली की नवा माणूस दारातूनच वळतो. मी प्रत्येक प्रतीच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवतो, वाचणाऱ्यानं नाव आणि तारीख लिहायची. राहिलेल्या चारांपैकी एक जूनमध्ये कुणीतरी वाचनालयाच्या खिडकीतून आत टाकली. पाठ उसवलेली, मधल्या पानांवर हळदीची बोटं, आणि मागच्या कागदावर ११ नावं. त्यातली तीनच आमच्या सभासदांची होती. एका नावापुढं कंसात ‘माहेरी वाचलं’ असं लिहिलं होतं. बांधणीला ६० रुपये गेले. ती प्रत पेटीत घातलेली नाही, टेबलावरच ठेवली आहे.