पहिल्या तीन महिन्यांतल्या उलट्या : या चुका टाळा

नागपुरातल्या एका रुग्णालयात गरोदर स्त्रियांची नोंद, वजन आणि रक्तदाब घेण्याच्या टेबलावर मी २६ वर्षे काढली. त्या काळात डॉक्टर बदलले, औषधांची वेष्टने बदलली, कागदी कार्डांच्या जागी संगणक आला. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातल्या मुली ज्या चुका करून समोर येत, त्या शेवटच्या दिवसापर्यंत त्याच होत्या. निवृत्तीनंतर त्याच चुका नात्यागोत्यातून फोनवर ऐकू येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सर्वांत जुनी चूक एका वाक्यात मावते : “खाल्ले की उलटी होते, म्हणून मी खातच नाही.” हे वाक्य ऐकले की मी पेन खाली ठेवत असे. रिकाम्या पोटाने मळमळ वाढते, मळमळीमुळे खाणे आणखी कमी होते, आणि मग पोटात काहीच नसताना कोरडे उमासे येऊन शेवटी पिवळे, कडू पित्त पडते. मुलीला वाटते आजार वाढला. वाढलेली असते ती उपासमार. त्यातच सकाळी उठल्याबरोबर चहा घेण्याची सवय असते, आणि तो अर्ध्या तासात बाहेर येतो. संकष्टीचा उपवास चंद्रोदयापर्यंत धरून दुसऱ्या दिवशी भोवळ येऊन आलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत. टेकडीच्या गणपतीला हात जोडावेत, परंतु या तीन महिन्यांत उपवास घरातल्या दुसऱ्या कोणी करावा, असे मी त्यांच्या सासूबाईंनाही स्पष्ट सांगत असे.

माझी पद्धत साधी आहे. रात्रीच उशाशी मुरमुऱ्यांचा किंवा ज्वारीच्या लाह्यांचा लहान डबा ठेवावा, जाग आल्यावर पडल्यापडल्याच मूठभर सावकाश खावे आणि पंधरा-वीस मिनिटे तसेच पडून राहून मग उठावे. मुरमुरे नको असतील तर टोस्ट किंवा फुटाणे चालतात. त्यानंतर दर दोन तासांनी थोडेथोडे खावे, आणि पाणी जेवणासोबत गटागट न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने घोटघोट घ्यावे. गरम भाजीपेक्षा थंड दहीभात पोटात टिकण्याची शक्यता जास्त असते, कारण थंड अन्नाला वास कमी येतो. हे सगळे एका दिवसात लागू पडत नाही. “मावशी, काल करून पाहिले, काही फरक नाही,” असे सांगणाऱ्या मुलीला मी निदान आठवडाभर तरी करून मग बोलायला सांगत असे.

वासाचा विषय निघालाच आहे, तर नागपूरच्या उन्हाळ्यापुरते एक सांगते. सावजी रश्श्याच्या फोडणीला सगळे दोष देतात, पण कूलरच्या टाकीत चार दिवस साचलेले पाणी आणि जुन्या, कुबट ताट्या यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो वास रात्रभर नाकाशी असतो. पाणी रोज बदलणे आणि ताट्या नव्या बसवणे हे काम नवऱ्याचे आहे.

दुसरी चूक गोळीची. डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्व यांची एकत्रित गोळी या त्रासासाठी बरीच वर्षे वापरात आहे. बहुतेक गोळ्या पोटात सावकाश विरघळाव्यात अशाच बनवलेल्या असतात, म्हणून त्या रात्री झोपताना घ्यायच्या, म्हणजे सकाळी त्यांचा उपयोग होतो. मुली उलटी झाल्यावर गोळी घेतात, तासाभरात उतार पडला नाही की ती निरुपयोगी ठरवतात आणि जावेला दिलेली दुसरीच गोळी मागून आणतात. काही जणी गोळीलाच घाबरतात. थॅलिडोमाइड या औषधाने अनेक बालके व्यंगासह जन्मली आणि १९६१ मध्ये ते बाजारातून काढावे लागले, त्यामुळे ही भीती निराधार नाही. परंतु ते औषध वेगळे होते. डॉक्सिलामाइनची गोळी अमेरिकेत १९८३ मध्ये कंपनीनेच बाजारातून मागे घेतली होती, ती न्यायालयीन खटल्यांमुळे. बाळाला अपाय होतो असे संशोधनात दिसले नव्हते, आणि २०१३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने तिला पुन्हा मान्यता दिली. डॉक्टरांनी दिली असेल तर ती लिहून दिल्याप्रमाणे नियमित घ्यावी. तिने झोप येते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

“आम्हीही पोरे जन्माला घातली, एवढे नखरे नव्हते,” हे वाक्य टेबलापलीकडून ऐकू आले की मला बोलल्याशिवाय राहवत नसे. जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक गर्भाकडून आईच्या रक्तात येते, आणि गरोदरपणापूर्वी ज्यांच्या रक्तात ते कमी असते त्यांना त्याचा अधिक त्रास होतो, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. सोशिकपणाचा येथे संबंध नाही.

आता ज्या चुकीसाठी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते. ती म्हणजे गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन ग्लुकोजची बाटली लावून घेणे. या चुकीत मीही सामील होते. माझ्या भाचीला दिवस गेले होते, मे महिना होता, पारा ४५ अंशांच्या वर होता, आणि तिला पाच आठवडे सतत उलट्या होत होत्या. “मावशी, इथेच जवळ सलाईन लावून घेते, बरे वाटते,” असे ती फोनवर म्हणाली आणि मी हो म्हटले. चार दिवस रोज एक बाटली झाली. त्या दवाखान्यात कोणी तिचे वजन केले नाही, लघवी तपासली नाही, आणि मीही विचारले नाही. पाचव्या दिवशी तिचा फोन आला : “मावशी, मला दोन-दोन दिसून राहिले. चालताना तोल जाऊन राहिला.” मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा ५२ किलोची मुलगी ४६ किलोवर आली होती.

शरीराला साखरेपासून शक्ती मिळवण्यासाठी ब-१, म्हणजे थायमिन लागते, आणि अन्न टिकत नसेल तर त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपत येतो. अशा वेळी नुसते ग्लुकोज शिरेतून गेले तर उरलेसुरले थायमिनही त्यात खर्ची पडते आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून दीर्घकाळ उलट्या झालेल्या स्त्रीला थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत द्यावे लागते, आणि पाण्याची तूट मुख्यतः मिठाच्या सलाईनने, पोटॅशियम तपासून भरून काढावी लागते. भाचीला शिरेतून थायमिन मिळाले. दृष्टी काही दिवसांत सुधारली, पाय स्थिर व्हायला काही आठवडे लागले. सलाईन वाईट नाही. तपासणीशिवाय लावलेली बाटली वाईट आहे. तिने तासभर तरतरी येते, आणि त्या तरतरीमुळे खरा उपचार लांबतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, एका पेल्यासाठी नाही. आणि दुकानातल्या गोड, रंगीत डब्यांना ओआरएस समजू नये. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, कारण आम्लाने दातांचा थर नरम झालेला असतो. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चुळा भराव्यात. लोहाच्या गोळ्या शासकीय कार्यक्रमातही चौथ्या महिन्यापासून देतात, त्या आधीच स्वतःच्या मनाने सुरू करून मळमळ वाढवू नये. मात्र त्या भरात फॉलिक आम्लाची गोळी बंद करू नये. आल्याचा उपयोग होतो, पण दिवसभर आल्याचा काढा उकळत ठेवला तर छातीत जळजळ होते. उलट्या पहिल्यांदा नवव्या आठवड्यानंतर सुरू झाल्या, तर त्या गरोदरपणाच्याच आहेत असे गृहीत धरू नये.

साधारणपणे हा त्रास चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होतो, नवव्याच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि बहुतेकींचा विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरतो. त्यामुळे थांबून पाहायला हरकत नाही, परंतु थांबताना आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवावे, कारण मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक घट, म्हणजे ५२ किलोच्या मुलीत सुमारे अडीच किलो, ही दवाखाना गाठण्याची वेळ आहे. आठ तास लघवी झाली नाही किंवा ती अगदी गडद झाली, दिवसभर पाण्याचा घोटही टिकला नाही, उलटीत रक्त दिसले, ताप आला किंवा पोटात दुखू लागले, तर त्याच दिवशी निघावे. जाताना सोबत वजनाची नोंद, शेवटची लघवी कधी झाली ती वेळ आणि घेतलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या न्याव्यात, आणि गल्लीत बाटल्या लावून घेतल्या असतील तर किती लावल्या, तेही न लाजता सांगावे.