कूलर सरळ वर ओढू नका: घरच्या डेस्कटॉपची सर्व्हिसिंग

एप्रिल लागला की फोन सुरू होतात. ‘दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि आपोआप बंद पडतो.’ तोवर कुणीतरी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलायला लावलेला असतो, कुणीतरी विंडोज पुन्हा टाकून दिलेली असते आणि दुखणं जागच्या जागी असतं. कॅबिनेट उघडलं की बहुतेक वेळा तेच दिसतं. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये धुळीची वाकळ जमलेली आणि खाली, प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) वाळून खडू झालेली.

हे काम घरी होतं. दीड-दोन तास लागतात, त्यातला मोठा भाग कूलर, म्हणजे हीटसिंक आणि त्यावरचा पंखा, काढण्या-बसवण्यात जातो. त्यामुळे मीही तिथंच जास्त रेंगाळणार आहे.

आधी वीज

प्लग भिंतीतून उपटा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही. मग कॅबिनेटचं पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डवर उरलासुरला चार्ज निघून जातो. परदेशी व्हिडिओंमध्ये सांगतात की अर्थिंग मिळावं म्हणून प्लग आतच ठेवा, फक्त स्विच बंद करा. आपल्याकडे हा सल्ला धाब्यावर बसवा. भिंतीवरचं बटण एकच तार तोडतं, आणि जुन्या वायरिंगमध्ये ती फेजचीच असेल याची खात्री नसते. प्लगची तिसरी, जाड पिन ज्या भोकात जाते त्यामागे तार जोडलेलीच नाही, असं मी कितीतरी घरांत पाहिलंय.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात? तर हेच कारण असण्याची शक्यता जास्त. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर कॅबिनेट साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. त्यात करंट थोडा असतो, पण खरी गळती असेल तर ती हाताला वेगळी ओळखू येत नाही. त्यामुळे सर्व्हिसिंग नंतर, आधी इलेक्ट्रिशियन.

आणि एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. २३० व्होल्ट एसीचं आत डीसी झालं की कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट चढतात, काही मॉडेलांत चारशेच्या आसपास, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तसेच राहू शकतात. बाहेरून ब्लोअर मारा. पंखा खडखडत असेल तर अख्खा एसएमपीएस बदला.

स्थिर विजेबद्दल एवढंच सांगतो की गालिचा नको, नायलॉनचे कपडे नकोत, आणि कुठल्याही भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. आपल्या बोटाला चटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे, चिप त्याच्या कितीतरी आधी मरू शकते. कोकणात पावसाळ्यात हा त्रास कमी असतो, पण विदर्भातल्या कोरड्या हवेत जपून.

धूळ

गॅलरीत न्या, नाकाला रुमाल बांधा, रंगाचा मऊ ब्रश आणि ब्लोअर घ्या. प्रत्येक पंखा बोटानं धरून मगच हवा मारा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाला लावू नका, ती स्थिर वीज तयार करते. मागच्या रिकाम्या स्लॉटची पट्टी हरवली असेल तर ते भोक बंद करा. तिथूनच पाल आत जाते, आणि मेलेली पाल साफ करण्याइतकं घाण काम या धंद्यात दुसरं नाही.

कूलर: इथं घाई नडते

बटणांच्या बारीक वायरींचा आधी मोबाइलवर फोटो काढा. मग प्रोसेसर कोणता आहे ते पाहा, कारण एएमडी आणि इंटेलची रीत वेगळी आहे.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरची २०१७ पासूनची मशीनं बहुतेक एएम४ सॉकेटची (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची बैठक). यात प्रोसेसरच्या पोटाखाली १,३३१ सोनेरी पिना असतात आणि सॉकेटची दांडी त्यांना फक्त बाजूनं आवळून धरते. वरून दाबून ठेवणारी चौकट नाही. इंटेलला ती २००४ सालापासून आहे, एएमडीनं घरगुती मशीनला ती २०२२ मध्ये एएम५ बरोबर आणली. याचा अर्थ असा की एएम४ मध्ये पेस्ट चिकटून बसली असेल आणि तुम्ही कूलर सरळ वर ओढलात, तर दांडी लावलेली असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरसोबत येतो.

माझ्या हातून हे झालंय. मित्राचं मशीन, दुपारची वेळ, जेवण थांबलेलं. चारी स्क्रू सोडले, कूलर हलेना, म्हणून हिसडा दिला. फट्‌ असा आवाज आला आणि कूलरच्या तळाला प्रोसेसर चिकटलेला दिसला, कोपऱ्यातल्या तीन पिना आडव्या. मित्र मागेच उभा होता. शिसं काढून टाकलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या पेन्सिलीचं टोक एकेका पिनेवर चढवून, भिंग लावून, दोन तासांत त्या सरळ केल्या. मशीन चालू झालं, पण त्या दिवशी कुणी जेवलं नाही. पिन एकदा वाकवून सरळ होते, दोन-तीनदा वाकवली तर तुटते.

तेव्हा एएमडीला असं करा. कॅबिनेट उघडण्याआधी मशीन दहा मिनिटं चालू ठेवून पेस्ट कोमट होऊ द्या. बंद करून, प्लग काढून, स्क्रू किंवा हुक सोडवा. मग कूलर न उचलता जात्यासारखा डावी-उजवीकडे अलगद फिरवा. जागा थोडीच असते, पण तेवढी पुरते. पकड सुटल्याचं हाताला कळतं, तेव्हाच उचला. हललाच नाही तर हेअर ड्रायरनं दोन मिनिटं शेक द्या आणि पुन्हा फिरवा. फटीत स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायचं नाही, कितीही राग आला तरी.

इंटेलसोबत येणाऱ्या कूलरमध्ये प्रोसेसर सुरक्षित असतो, तिथली डोकेदुखी चार प्लास्टिकच्या खुंट्यांची आहे. काळ्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. काढताना त्या बाणाच्या दिशेनं पाव फेरा द्यायचा आणि डोकं वर ओढायचं. बसवताना मात्र आधी चारही डोकी उलट फिरवून मूळ जागी आणायची. लोक हेच विसरतात. मग खुंटी दाबली की ‘टक्‌’ वाजतं, माणूस खूश होतो, आणि दोन दिवसांनी ती वर आलेली असते.

बसवताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन खुंट्या आधी दाबा, मग उरलेल्या दोन. एका बाजूच्या दोन्ही आधी दाबल्या तर कूलर कलतो आणि पलीकडची बाजू कधीच नीट बसत नाही. बोर्ड दाबाखाली वाकतो, ते पाहून जीव घाबरतो, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मदरबोर्ड बाहेर काढा. सहा ते नऊ स्क्रू असतात. पुठ्ठ्यावर ठेवा आणि खुंट्या दाबून झाल्यावर बोर्ड उलटा करून पाठ बघा. प्रत्येक भोकातून पांढरे पाय फाकलेले आणि त्यांच्या मधे काळं टोक आलेलं दिसायला हवं. एक जरी पाय फाकायचा राहिला असेल तर काम झालेलं नाही. ‘कॅबिनेटमध्येच होतं, बोर्ड कशाला काढायचा’ असं सांगणारे भेटतील. मीही तसंच करायचो, आणि एकदा एकच खुंटी अर्धवट राहिल्यामुळे तीन वेळा पेस्ट बदलली, वर पेस्ट नकली दिली म्हणून दुकानदाराशी भांडून आलो.

खुंटीचा पाय तुटला तर सुटा संच मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन. मी सुतळीनं बांधलेला हीटसिंक पाहिलाय. तो चालतही होता, पण म्हणून तुम्ही बांधू नका.

पेस्ट

जुनी पेस्ट सुती कापडाच्या तुकड्यानं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. रॉकेल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर नको. प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढा एकच ठिपका द्या. बोटानं पसरवू नका, कूलरचा दाब ते काम करतो. ‘जास्त लावली की जास्त थंड’ हा समज डोक्यातून काढा. तांबं चांगल्या पेस्टच्या कितीतरी पट वेगानं उष्णता वाहून नेतं. धातूला धातू जिथं टेकत नाही त्या सूक्ष्म फटी भरण्यापुरती पेस्ट हवी. जाड थर म्हणजे मधे घातलेलं पांघरूण. आणि टूथपेस्ट लावा म्हणणाऱ्यांना दंडवत घाला, त्यातलं पाणी उडालं की उरतो तो भुगा.

बाकीचं

रॅम काढून सोनेरी पट्टीवर अल्कोहोलचा बोळा फिरवा. खोडरबरनं घासायची आपल्याकडे परंपरा आहे. अडलं तर मऊ पांढऱ्या रबरानं, स्लॉटपासून लांब, एखाद्या वेळी चालेल. दर महिन्याला घासाल तर मुलामा जाईल. घड्याळ मागे पडत असेल तर सीआर२०३२ ही गोल बॅटरी बदला. बोर्डावरचे उभे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर तिथंच थांबा, ते डाग देणाऱ्या, म्हणजे सोल्डरिंग करणाऱ्या, माणसाचं काम आहे.

कूलरच्या पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ छापलेल्या पिनांवरच लावा. ती वायर पात्यांत अडकत नाही ना ते पाहा. बाजूचा पत्रा न लावता मशीन सुरू करा आणि विंडोजमध्ये न जाता डिलीटचं बटण दाबत बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर, शिरा. तिथं प्रोसेसरचं तापमान दिसतं. दहा मिनिटं बघत बसा. चाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान कुठेतरी थांबलं तर ठीक. दर काही सेकंदांनी आकडा चढत सत्तरच्या पुढे निघाला तर लगेच बंद करा आणि खुंट्या पुन्हा तपासा, कारण कूलर टेकलेला नाही.

डिस्प्लेच आला नाही तर घाबरू नका. पुन्हा प्लग काढा, रॅम ‘खट्‌’ आवाज येईपर्यंत दाबा, आणि प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी केबल लावली का ते बघा. ती विसरली जाते, मीही विसरतो.

सगळं ठीक असेल तर पत्रा लावा. आणि मशीन ज्या टेबलाच्या बंद कप्प्यातून काढलं होतं तिथं परत कोंबू नका, भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून वर ठेवा.