नायट्रोजनचा रेणू क्ष-किरणांनी फुटतो तेव्हा: आलेख वाचताना या चुका टाळा

क्ष-किरण रेणूवर आदळला आणि बंध तुटला, ही समजूत आधी मोडायला हवी. बहुतेक पुढच्या चुका तिच्यातूनच निघतात.

नायट्रोजनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला 9.8 इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणू-रेणूंसाठीचे ऊर्जेचे एकक, eV; पुढचे ऊर्जेचे आकडेही यातच) पुरतात. फोटॉन, म्हणजे क्ष-किरणाचा एक कण, येतो 420 चा, पण तो बंधाला हात लावत नाही. तो अणूच्या अगदी आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवतो. त्या इलेक्ट्रॉनला सोडवायलाच 410 लागतात, म्हणून तो बाहेर पडतो जेमतेम 10 घेऊन. आत पडलेली पोकळी सुमारे सहा फेमटोसेकंदांत (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाचा अब्जांश) वरच्या इलेक्ट्रॉनने भरते आणि त्या खटाटोपात आणखी एक इलेक्ट्रॉन, ज्याला ऑजे इलेक्ट्रॉन म्हणतात, साधारण 360 घेऊन निसटतो. पोकळी भरताना प्रकाश बाहेर पडण्याची शक्यता इथे एक टक्क्याहूनही कमी. उरले 50. त्यातले जवळपास 39 दोन वेगळे N⁺ (एकेक इलेक्ट्रॉन गमावलेले नायट्रोजनचे अणू) तयार होण्यातच खर्च होतात. तुकड्यांच्या वाट्याला येतात फार तर 11. हा हिशेब एकदा कागदावर मांडला, की तुकड्यांना शेकडो इलेक्ट्रॉन व्होल्टची गतिज ऊर्जा दाखवणारा आलेख पाहून कुणी हुरळून जाणार नाही. तिथे बहुधा कॅलिब्रेशन चुकलेले असते.

याच मोहात पडून काहीजण निव्वळ कूलॉम सूत्र, म्हणजे दोन प्रभार एकमेकांना किती ढकलतात याचे सूत्र, लावतात. 1.1 अँगस्ट्रॉमवर, म्हणजे बंधाच्या लांबीइतक्या अंतरावर, दोन एकेरी प्रभार ठेवले की उत्तर 13 येते. पण इतक्या जवळ प्रभारांना अजून बंध धरून ठेवत असतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा बहुधा त्याहून कमी भरतो. अंदाजापुरते सूत्र ठीक, त्यावरून उलट बंधाची लांबी काढू नका.

सर्वात जास्त फसवते ते आयनांच्या आलेखातले 14 वरचे शिखर. टाइम-ऑफ-फ्लाइट उपकरणाला, म्हणजे डिटेक्टरपर्यंत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून आयन ओळखणाऱ्या यंत्राला, वस्तुमान कळत नाही, वस्तुमान भागिले प्रभार कळते. फुटलेला N⁺ 14 वर येतो, आणि न फुटता दोन इलेक्ट्रॉन गमावून बसलेला अख्खा N₂²⁺ सुद्धा 14 वरच. दोघांना एकच समजून ‘इतके रेणू फुटले’ असे लिहिले, तर अख्ख्या रेणूंचीही तुटलेल्यांत गणती होते. आधी शिखराचा आकार पाहा. फुटलेला तुकडा डिटेक्टरकडे किंवा त्याच्या उलट दिशेला धावत सुटलेला असतो, म्हणून त्याचे शिखर रुंद होते, कधी दुभंगते. अख्ख्या रेणूकडे फक्त खोलीच्या तापमानाची ऊर्जा, त्याचे शिखर सुईसारखे. आयनांना डिटेक्टरकडे ओढणारे विद्युत क्षेत्र फार प्रबळ ठेवले, तर हा फरक पुसला जातो. फार क्षीण ठेवले, तर वेगवान तुकडे डिटेक्टरच्या कडेबाहेर जातात. दुसरा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो: 14.5 कडे बघा. नैसर्गिक नायट्रोजनमध्ये सुमारे 0.73 टक्के रेणूंत एक अणू 15 वस्तुमानाचा असतो, आणि साडेचौदावर फक्त त्याच रेणूचा दुहेरी आयन येऊ शकतो. त्या चिमुकल्या शिखराला सुमारे 136 ने गुणा, 14 मधला अख्ख्या रेणूंचा वाटा हाती येतो.

एकाच रेणूचे दोन तुकडे एकत्र पकडून जोड्या मोजताना खोट्या जोड्या शिरतात, म्हणजे दोन वेगळ्या रेणूंचे तुकडे एकत्र नोंदले जातात. जास्त वेळ मोजल्याने त्या जात नाहीत. खऱ्या जोड्या आयनीकरणाच्या दराच्या प्रमाणात वाढतात, खोट्या त्याच्या वर्गाच्या. म्हणून वायूचा दाब किंवा प्रकाश कमी करा. खऱ्या जोडीचे संवेग समान आणि विरुद्ध असल्याने ती, दोन्ही तुकड्यांच्या पोहोचण्याच्या वेळा मांडलेल्या नकाशावर, अरुंद तिरक्या पट्ट्यात बसते. बाकीचा ढग खोटा. मात्र डिटेक्टरला आडवे उडालेले दोन N⁺ एकाच क्षणी पोहोचतात आणि इलेक्ट्रॉनिक्सला ते एकच वाटतात. त्या दिशेला दिसणारी रिकामी जागा म्हणजे रेणूचा गुणधर्म नव्हे.

401 eV च्या फोटॉनचे निकाल 420 च्या निकालांशी सरळ ताडू नका. 401 ला इलेक्ट्रॉन बाहेर जात नाही, रेणूतल्याच रिकाम्या कक्षेत बसतो. नंतर एकच इलेक्ट्रॉन निसटला तर उरते N₂⁺, आणि N⁺ सोबत तटस्थ N मिळण्याची शक्यता वाढते. तो तटस्थ अणू डिटेक्टरवर सहसा दिसतच नाही.

शेवटची गोष्ट प्रकाशाची. मोनोक्रोमेटर, म्हणजे हव्या त्या ऊर्जेचा प्रकाश निवडणारे उपकरण, 210 वर लावला, तर दुसऱ्या क्रमाचा, म्हणजे दुप्पट ऊर्जेचा, 420 सुद्धा थोडा निघून येतो. आतल्या कवचाच्या उंबरठ्याखालची पार्श्वभूमी म्हणून तुम्ही मोजलेले N⁺ त्याचेच असू शकतात. पडताळा सोपा आहे: 195 ते 215 स्कॅन करा. तिथे नायट्रोजनची रेघ सपाट हवी. 200.5 जवळ टोक आले, तर ते 401 चे आहे. तो दुप्पट ऊर्जेचा प्रकाश अडवणारा योग्य धातूचा पातळ पडदा लावून स्कॅन पुन्हा घ्या.